मांडीवरचा वाचक : प्राण्यांची चित्रपुस्तके आणि हसण्याचा इतिहास

मध्य प्रदेशातील भारहुत येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास उभारलेल्या स्तूपाच्या कठड्याचे बरेच अवशेष आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहेत. त्यांवरील एका वर्तुळाकार शिल्पात एक धिप्पाड माणूस आसनावर बसलेला दिसतो. एका माकडाने भल्यामोठ्या चिमट्यात त्याचा दात पकडला आहे. चिमट्याला दोर बांधला आहे आणि दोराचे दुसरे टोक हत्तीला. हत्तीला हाकायला आणि ढोल-शंख वाजवायला इतर माकडे सज्ज आहेत. हा दात नसून नाकातला केस आहे, असेही काही अभ्यासकांनी सुचविले आहे. काहीही असले, तरी एवढ्याशा कामासाठी एवढी यंत्रणा हाच येथील विनोद होय. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७९ च्या आपल्या भारहुतविषयक ग्रंथात अशा शिल्पांची नोंद विनोदी दृश्ये म्हणूनच केली. ती कोणत्या उपदेशाला जोडावीत, हा प्रश्न त्या दगडांनी उत्तर न देता ठेवला आहे.

तमिळनाडूतील मामल्लपुरम् येथे सातव्या शतकात कोरलेल्या भव्य शिलापटावर असाच एक प्रसंग आहे. पटाच्या वरच्या भागात एक तपस्वी हात उंचावून, एका पायावर उभा राहून तप करीत आहे. आणि खाली, हत्तींच्या पायांजवळ, एक मांजर अगदी त्याच ढंगात पुढचे पंजे उंचावून उभे आहे. भोवती उंदीर जमले आहेत. ढोंगी मांजराची कथा महाभारतातही येते, हे खरे. पण ती ठाऊक नसलेल्या लहान मुलालाही वरचा साधू आणि खालचे मांजर एकापाठोपाठ एक पाहिले की हसू यावे, अशी ही रचना आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी चित्राने केलेला हा विनोद आहे.

प्राण्यांच्या चित्रावर लहानथोरांनी मिळून हसणे ही गोष्ट भारतात इतकी जुनी आहे. हे हसू पुस्तकाच्या पानावर यावयास मात्र फार काळ लागला. दगडावर जे सहज होते ते कागदावर इतके अवघड का व्हावे, ह्या प्रश्नाचे उत्तर बालवाङ्मयाच्या इतिहासात, आणि विशेषतः मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाच्या एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे ‘तात्पर्य’.

१

‘पंचतंत्रा’च्या प्रास्ताविकात महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती आपल्या तीन मंदबुद्धी पुत्रांमुळे चिंतित आहे. विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात प्रवीण करण्याची प्रतिज्ञा करतो आणि त्यासाठी सिंह, कोल्हे, कावळे आणि कासवे ह्यांच्या कथा रचतो. म्हणजे प्राणिकथेचा हा महान ग्रंथ जन्मतःच एका अभ्यासक्रमाचा भाग होता. त्यात विनोद नाही असे नव्हे. हंसांनी काठीवरून उचलून नेलेले बडबडे कासव किंवा ‘काळीज झाडावरच राहिले’ म्हणून मगरीला फसविणारे माकड, ह्यांवर हसणार नाही असा श्रोता विरळा. पण तेथे हसू हे साधन आहे, नीती हे साध्य आहे. कडू औषध घेता यावे म्हणून त्यावर दिलेला तो गुळाचा खडा आहे.

हा ग्रंथ सहाव्या शतकात पहलवीत, आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ ह्या नावाने अरबीत आणि पुढे फारसीत गेला, आणि ‘अन्वार-इ-सुहैली’ ह्या फारसी रूपात मोगल दरबारी परत आला. अकबराच्या चित्रशाळेत १५७० मध्ये त्याची एक सचित्र प्रत तयार झाली. त्या परंपरेतील चित्रांत प्राण्यांच्या मुद्रा, त्यांचे हावभाव, त्यांची फजिती ह्यांचे अप्रतिम चित्रण आहे. पण ती पोथी राजग्रंथालयातली होती. ती कोणा बालकाच्या मांडीवर उघडली जावी, अशी कोणाचीही कल्पना नव्हती.

छपाईची कला आल्यावर ग्रंथाच्या प्रती वाढल्या; परंतु त्यांचा मार्ग शाळेतून गेला. तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी ह्यांनी आपल्या राजधानीत देवनागरी छपाईची सोय केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून इसापच्या कथांचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. मराठीतील बालवाङ्मयाचा आरंभ पुष्कळदा ह्या ग्रंथापासून मानला जातो. तो तमिळ प्रदेशात व्हावा ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. कारण भारतीय बालवाङ्मय आरंभापासूनच एका भाषेच्या सीमेत मावलेले नाही. पुढे मुंबई इलाख्यात इसापनीती घरोघर पोचली आणि तिच्याबरोबर कथेच्या शेवटी ठळक अक्षरांत छापलेले तात्पर्यही पोचले. कोल्ह्याला द्राक्षे मिळाली नाहीत, ह्यावर मूल हसते न हसते तोच गुरुजींचा प्रश्न येत असे : ह्यावरून काय शिकलात? हसू आणि प्रश्न ह्यांमधला तो क्षण फार लहान होता.

२

घरातली प्राणिकथा मात्र ह्या काळातही तात्पर्यावाचून चालू होती. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, ह्या कथेतून काय शिकावयाचे हे कोणत्याही आजीने सांगितलेले नाही. भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्यांना चकविणारी म्हातारी ही कोणत्या सद्गुणाची प्रतिनिधी आहे, असेही कोणी विचारीत नव्हते. ह्या कथांचे काम निराळे होते. आणि ते काय होते, हे एका बंगाली लेखकाने नेमके सांगून ठेवले आहे.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) ह्यांचे ‘टुनटुनिर बई’, म्हणजे टुनटुनीचे पुस्तक, १९१० मध्ये कोलकात्यास प्रसिद्ध झाले. टुनटुनी म्हणजे शिंपी पक्षी. प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे ते असे, की संध्याकाळी मुले जेवणाआधीच पेंगू लागली म्हणजे पूर्व बंगालच्या काही भागांतील घरच्या स्त्रिया त्यांना जागे ठेवण्यासाठी ह्या गोष्टी सांगतात. बालवाङ्मयाच्या हेतूची ह्याहून प्रांजळ नोंद क्वचितच आढळेल. कथा सांगावयाची ती मूल शहाणे व्हावे म्हणून नव्हे, तर त्याने उपाशी झोपू नये म्हणून. आणि पेंगणाऱ्या मुलाला जागे ठेवण्याचा निश्चित उपाय एकच : त्याला हसविणे.

ह्या संग्रहातील टुनटुनी आणि राजा ह्यांची कथा त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. राजाने उन्हात वाळत घातलेल्या पैशांतील एक नाणे टुनटुनी आपल्या घरट्यात नेते आणि राजाच्या घरी जे धन आहे ते आपल्याही घरी आहे, असे गात सुटते. राजा नाणे काढून घेतो, तर ती त्याला लोभी म्हणते. तो ते परत देतो, तर ती त्याला भित्रा म्हणते. शेवटी तिला मारण्याच्या खटाटोपात राजाचेच नाक कापले जाते. येथे तात्पर्य शोधू पाहणाऱ्याची पंचाईत होते. टुनटुनीने नाणे चोरले आहे, ती उद्धट आहे, आणि ती जिंकली आहे. मुलाला त्यात विचित्र काही वाटत नाही. घरात सर्वांत लहान असणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. सर्वांत लहान प्राणी सर्वांत मोठ्या माणसाला जेरीस आणतो, ह्याचा आनंद त्याला समजावून द्यावा लागत नाही. मराठी वाचकाला ह्याच पुस्तकात आणखी एक ओळखीची खूण पटते. भोपळ्याच्या पोकळ कवचात बसून गडगडत घरी येणारी कुबडी म्हातारी तेथेही आहे. दोन प्रांतांच्या आज्या एकच गोष्ट सांगत होत्या.

उपेंद्रकिशोर हे केवळ कथाकार नव्हते. चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ ह्या दोन्ही नात्यांनी त्यांचा अधिकार मोठा होता. हाफटोन छपाईवरील त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकात प्रसिद्ध होत. मुलांच्या पुस्तकांतील चित्रे जशीच्या तशी उमटावीत, हा त्यांचा ध्यास होता. १९१३ मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. आजीच्या आवाजाला छापील चित्राची जोड मिळाली ती अशी.

त्यांचे पुत्र सुकुमार राय (१८८७–१९२३) ह्यांनी पुढचे पाऊल टाकले. वडिलांनी लोककथेतील प्राणी घेतले. मुलाने नवेच प्राणी निर्माण केले. ‘आबोल-ताबोल’ ह्या संग्रहातील एका कवितेत व्याकरणाची पर्वा न करता बदक (बंगालीत हाँस) आणि साळिंदर (शजारू) एकत्र येतात आणि ‘हाँसजारू’ तयार होतो. हत्ती आणि देवमासा मिळून आणखी एक प्राणी होतो. सुकुमारांनी ह्या प्राण्यांची चित्रेही स्वतःच काढली, आणि ती इतक्या गंभीरपणे काढली, की जणू प्राणिशास्त्राच्या ग्रंथासाठीच असावीत. त्यांच्या ‘हजबरल’मध्ये रुमालाचे मांजर होते आणि पाटीवर हिशेब करणारा कावळा भेटतो. ‘आबोल-ताबोल’ पुस्तकरूपाने बाहेर आले ते सुकुमारांच्या निधनानंतर काही दिवसांनी, सप्टेंबर १९२३ मध्ये. काळआजाराने अंथरुणास खिळलेल्या अवस्थेतही ते पुस्तकाचे काम करीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हसण्याचे मोल कळते.

‘हाँसजारू’ हा शब्द मराठीत जसाच्या तसा येत नाही. बदक आणि साळिंदर ह्या मराठी शब्दांची सांधेजोड तशी होत नाही. चित्र मात्र भाषांतरावाचून येते. शब्दाला प्रत्येक भाषेत नव्याने जन्म घ्यावा लागतो, चित्राला सीमा अडवीत नाही. अनेक भाषांच्या देशात चित्रपुस्तकाचे सामर्थ्य आणि त्याची अडचण ही दोन्ही ह्याच एका वस्तुस्थितीत आहेत.

३

बंगालमध्ये हे घडत असताना पश्चिमेकडे, भावनगर येथे, गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हाच प्रश्न शिक्षणाच्या बाजूने सोडवीत होते. वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर काढले. त्यांनी गुजराती लोककथा मुलांना सांगण्याजोग्या रूपात आणल्या आणि कथाकथनाचे शास्त्रही लिहिले. कथा प्रथम आनंदासाठी सांगावी, शेवटी उपदेशाची शेपटी जोडू नये, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या ‘आनंदी कागडो’ ह्या कथेतील कावळ्याला राजा एकामागून एक शिक्षा फर्मावतो आणि कावळा प्रत्येक शिक्षेत गाणे गात मजेत राहतो. अखेर राजाच थकतो. टुनटुनीचा हा गुजराती भाऊबंद म्हणावा लागेल.

गिजुभाईंच्या ह्या कार्यात मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) सहभागी होत्या. भावनगरचा अनुभव त्यांनी पुढे ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड येथे आणला आणि अनुताई वाघ ह्यांच्यासह आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी भरविली. गोष्ट, गाणे आणि चित्र ही बालशिक्षणाची सजावट नसून त्याचा पाया आहे, हा विचार मराठीत रुजला तो बऱ्याच अंशी ह्या गुजराती-मराठी सहकार्यातून. मुलाला हसू देणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, असे ह्या मंडळींनी शिक्षकाला प्रथमच अधिकारवाणीने सांगितले.

ऐकणाऱ्या मुलाचा कथेवर किती अधिकार असतो, ह्याचा एक दाखला मुंबईतच जन्मलेल्या एका इंग्रज लेखकाच्या चरित्रात आहे. रडयार्ड किपलिंग आपल्या थोरल्या मुलीला, जोसेफिनला, झोपताना प्राण्यांच्या गमतीदार कथा सांगत असे. एकही शब्द बदललेला तिला खपत नसे. गोष्ट होती तश्शीच सांगितली पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यावरूनच त्या कथांना ‘जस्ट सो स्टोरीज’ हे नाव पडले. १८९९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, जोसेफिन गेली. पुस्तक १९०२ मध्ये, किपलिंगने स्वतः काढलेल्या चित्रांसह, प्रसिद्ध झाले. ज्या श्रोतीने त्यातील शब्द पक्के केले, ती ते पाहण्यास नव्हती. लहान मूल हे कथेचे केवळ ग्राहक नसते, ते तिचे राखणदार असते, हे ह्या शीर्षकाने कायमचे नोंदवून ठेवले आहे.

४

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम व्यक्तींकडून संस्थांकडे गेले. व्यंगचित्रकार के. शंकर पिळ्ळै ह्यांनी १९५७ मध्ये दिल्लीत चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली. त्याच वर्षी शासनाने नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन केला, आणि त्याची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला पुढे अनेक भारतीय भाषांत एकच चित्रपुस्तक अल्प किमतीत देऊ लागली. मुलांच्या पुस्तकांचे हे काम एका व्यंगचित्रकाराने हाती घ्यावे, हा योगायोग नव्हे. मोठ्यांची प्रतिष्ठा एका रेषेत उतरविणे हा ज्याचा व्यवसाय, त्याला लहानांचा विनोद लवकर कळतो. मिकी पटेल ह्यांचीही वाट व्यंगचित्रातूनच आली. आपल्या रूपावर नाराज असलेल्या ‘रूपा हत्तीण’ची त्यांची कथा मराठीसह अनेक भाषांतील मुलांनी पाहिली. एकच चित्र, आणि त्याखाली निरनिराळ्या लिप्या, अशी ही योजना होती. तिच्यामुळे आसाममधले मूल आणि कोकणातले मूल एकाच हत्तीवर हसू शकले. मर्यादाही स्पष्ट होत्या. चित्रांच्या खर्चामुळे पाने मोजकी असत, आणि कित्येकदा अनुवादित मजकुरात मूळची लय उरत नसे. ज्या वाक्यावर हसावयाचे तेच वाक्य पाठ्यपुस्तकासारखे वाचावे लागे.

ह्याच सुमारास जगात चित्रपुस्तकाची कल्पनाच बदलत होती. चित्राने मजकूर केवळ सजवावा असे नसून, मजकूर जे बोलत नाही ते चित्राने सांगावे, ही जाण पक्की होत होती. पॅट हचिन्स ह्यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. एक कोंबडी अंगणातून फेरफटका मारून परत येते, एवढेच शब्द सांगतात. चित्रात मात्र पानोपानी तिच्यामागे कोल्हा आहे आणि पानोपानी त्याची फजिती होते. कोल्ह्याचे नावही मजकुरात नाही. परिणामी वाचणारा मोठा माणूस शब्दांच्या मागे जातो, आणि मांडीवरचे मूल, ज्याला अक्षर येत नाही, कोल्हा आधी पाहते. ‘मागे बघ’ असे मुलाने ओरडावे ह्यासाठीच ते पुस्तक रचलेले आहे. मामल्लपुरम्‌चा शिल्पकार ह्याहून वेगळे काही करीत नव्हता : वर गंभीर तपस्वी, खाली मांजर, मोठे वर पाहतात, लहान खाली.

भारतात ह्या दृष्टीने लक्षणीय ठरलेले पुस्तक म्हणजे चेन्नईच्या तारा बुक्सने १९९७ मध्ये काढलेले ‘टायगर ऑन अ ट्री’. नाशिकला वाढलेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकलेल्या अनुष्का रविशंकर ह्यांची यमके आणि कोलकात्याचे पुलक विश्वास ह्यांची चित्रे, असा हा योग आहे. चित्रांत नारिंगी आणि काळा ह्या रंगांचाच खेळ आहे. अक्षरेही सरळ ओळीत न राहता चित्राबरोबर चढतात, उतरतात. वाघ बकरीच्या आवाजाला घाबरून झाडावर चढतो, गावकरी त्याला जाळ्यात पकडतात, आणि मग त्याचे काय करावयाचे ह्याची अजब खलबते होतात. अखेर त्याला सोडून दिले जाते. ह्याच जोडीच्या ‘कॅच दॅट क्रोकोडाइल!’ (१९९९) ह्या पुस्तकात पोलीस, डॉक्टर, पैलवान असे सारे अधिकारी पुरुष मगरीपुढे हात टेकतात आणि मासळी घेऊन आलेली मीना तिला सुखाने नदीवर नेते. टुनटुनीची परंपरा येथे नव्या रेषेत पुढे जाते. राजा बदलला आहे. लहानाचा विजय तोच आहे.

भाषांचा प्रश्नही नव्याने हाताळला गेला. १९९६ मध्ये चेन्नईला सुरू झालेल्या तुलिका प्रकाशनाची चित्रपुस्तके इंग्रजीसह मराठी आणि इतर भारतीय भाषांतून निघू लागली. बंगळूरच्या प्रथम बुक्सने (२००४) किंमत खाली आणली आणि पुढे कथा कोणालाही अनुवादता याव्यात अशा मुक्त परवान्याने दिल्या. मराठीत माधुरी पुरंदरे ह्यांच्या ‘चित्रवाचन’ सारख्या पुस्तकांनी चित्र हेही वाचावयाचे असते आणि ते दोघांनी बोलत बोलत वाचावयाचे असते, हा संस्कार घरांत आणि शाळांत नेला. २०१६ मध्ये त्यांना ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला तो मराठी बालसाहित्याच्या वाट्याला आलेला राष्ट्रीय मान होता.

५

हा इतिहास वरवर पाहता प्रगतीचा वाटतो : दगडातून पोथीत, पोथीतून छापील पानात, एका भाषेतून अनेक भाषांत. परंतु त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा धोक्यात आलेली दिसते. तात्पर्य हरलेले नाही. पूर्वी ते गोष्टीच्या शेवटी उघडपणे छापलेले असे. आता ते पर्यावरण, स्वच्छता, आत्मविश्वास, शब्दसंग्रह अशा सभ्य नावांनी पुस्तकाच्या पाठीवर येते. प्राणी पुन्हा शिकविण्याच्या कामाला जुंपला जातो. ह्यात वाईट हेतू नसतो. अमरशक्ती राजाचाही नव्हता. पण हसणाऱ्या मुलाला थांबवून ‘ह्यात किती माकडे आहेत, मोज पाहू’ असे म्हणणारा प्रेमळ पालक अजाणता विष्णुशर्म्याच्या आसनावर जाऊन बसतो, आणि पुस्तकातले माकड तत्क्षणी माकड राहत नाही, उदाहरण होते.

चित्रपुस्तक ज्या नात्यावर उभे आहे ते ह्याच्या उलट आहे. तेथे वाचणाऱ्याजवळ अक्षरे आहेत आणि ऐकणाऱ्याजवळ डोळे. दोघांपैकी एकटा कोणीही ते पुस्तक पुरे करू शकत नाही. घरातील इतर सर्व व्यवहारांत मोठा माणूस जाणता असतो. येथे मात्र झाडामागचा कोल्हा त्याला दिसत नाही आणि तो दाखवून देण्याचा मान मुलाचा असतो. काही क्षण राजा हरतो आणि टुनटुनी गाते. हरण्याची ही तयारी ज्याच्याजवळ नाही, त्याच्या हातात उत्तमातले उत्तम चित्रपुस्तकही पाठ्यपुस्तकच होते. ज्या घरात पुस्तक नाही, पण काऊ-चिऊची गोष्ट सांगताना आवाज बदलणारी आजी आहे, तेथे चित्रपुस्तकाचे निम्मे काम आधीच झालेले असते.

ग्रंथालयांच्या बाबतीत ह्याचा अर्थ व्यावहारिक आहे. बालविभागातील कपाट कुलपात ठेवून ही पुस्तके जपता येतात, पण वाचवता येत नाहीत. त्यांना एक आवाज लागतो आणि दोघांना पुरेल एवढी जागा लागते. मळलेली, कोपरे झिजलेली, चित्रांवर बोटांचे ठसे असलेली प्रत हीच येथे सुस्थितीतील प्रत समजली पाहिजे. पूर्व बंगालच्या त्या अनाम स्त्रियांनी आपल्या कथांची परीक्षा एकाच कसोटीवर केली होती : पेंगणारे मूल जेवणापर्यंत जागे राहिले की नाही. प्राण्यांच्या कोणत्याही गमतीदार पुस्तकाला आजही ह्याहून मोठी कसोटी लावण्याचे कारण नाही. शेवटचे पान मिटल्यावर मुलाने तात्पर्य न सांगता केवळ ‘पुन्हा’ म्हटले, की ते पुस्तक उत्तीर्ण झाले.